‘एकच मुलगी’ म्हणालास?

तुम्हाला मुलं किती, असं शेजाऱ्याने विचारलं आणि तू म्हणालास, ‘एकच मुलगी.’ ऑफिसात तेच म्हणालास. सोसायटीच्या गणपतीत तेच. घरमालकाला तेच. आता तर कुणी विचारायच्या आधीच सांगून मोकळा होतोस, म्हणजे पुढचा प्रश्न यायला नको. अरे, वर्गात सगळ्यांत आधी हात तुझा वर व्हायचा. उत्तर येत नसेल तर ‘येत नाही बाई’ म्हणायचास, पण थाप मारायचा नाहीस. मग हे उत्तर कुठे शिकलास? कुणी शिकवलं?

राग येतोय? येऊ दे. पण कागद खाली ठेवू नकोस.

तुझ्या बायकोने माझ्याकडे तक्रार केलेली नाही, हे आधी ऐकून ठेव. नवी माणसं कशी आहेत, असं मीच तिला विचारलं होतं. म्हणाली, ‘चांगली आहेत बाई, पण त्यांना वाटतं आम्हाला एकच आहे.’ एवढंच म्हणाली आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा उरलेलं तुझ्याच तोंडून कळलं. त्याच्याकडे मी येणार आहे. तोवर सुटलो असं समजू नकोस.

एक गोष्ट आत्ताच साफ करते, नाहीतर तू नेमकी तीच पळवाट धरशील. दिसेल त्याला गाठून सांग, असं मी म्हणत नाही. पेट्रोल पंपावरच्या पोराला सांगू नकोस. एसटीत शेजारी बसलेल्याला, बँकेत अर्ज भरून घेणाऱ्याला, तासाभरात तुला विसरणाऱ्या कुणालाही सांगितलं नाहीस तर मी एक शब्द बोलणार नाही. तिथे विषय मिटवायचा तुला पूर्ण हक्क आहे. काही दिवस असे असतात की अंगात बोलायचं त्राणच नसतं, तेही मला कळतं. मी बोलते आहे ती ज्यांच्याशी तुला रोज जगायचं आहे त्या माणसांबद्दल. भिंतीला भिंत लागून राहणारी. डबा एकत्र खाणारी. तुझ्या मुलीची वर्गशिक्षिका. नाशिकला जाऊन तुला वर्ष उलटलं. या माणसांना तू मुलाबद्दल सांगितलं नाहीस, इथवर एक वेळ मी ऐकून घेतलं असतं. पण तो नव्हताच, असं तू त्यांना सांगितलंस. गप्प राहणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. हा फरक तुला चौथीत कळत होता.

‘समोरच्याला अवघड होतं हो बाई.’ तुझं पहिलं कारण. समोरच्याची एवढी काळजी तुला कधीपासून? तो चहाचा कप हातात धरून मिनिटभर गोंधळेल. गोंधळू दे. त्याच्या त्या मिनिटासाठी तू दहा वर्षांचा मुलगा पुसून टाकलास, हा हिशोब तुला पटतो? गणितात तू कच्चा नव्हतास. आणि खरं सांग, अवघड त्याला होतं की तुला? त्याच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते तुला बघवणार नाही, म्हणून तू बोलत नाहीस. मग त्याचं नाव पुढे करू नकोस. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची खोड तुला कधी नव्हती.

लोक वेडंवाकडं बोलतात, हे तुझं दुसरं कारण. हे मात्र खरं आहे. ‘देवाला आवडला.’ ‘तेवढंच देणंघेणं होतं.’ ‘वय काय तुमचं, अजून होईल.’ ‘मुलगी आहे ना, तिच्याकडे बघून जगा.’ ही वाक्यं मी तुझ्याच घरात बसून ऐकली आहेत आणि बोलणाऱ्यांना जिन्यापर्यंत पोचवूनही आले आहे. ती माणसं दुष्ट नव्हती. काय बोलावं ते कळत नव्हतं, आणि गप्प बसायला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण एक जण खुळ्यासारखं बोलला, म्हणून जो दुसरा कदाचित नीट ऐकून घेईल त्याच्याही तोंडावर दार आपटायचं? तुझ्याच मजल्यावर कुणाचं लेकरू गेलेलं असेल. तुला माहीत आहे का? कसं माहीत असणार? तू त्यांना ‘एकच’ सांगितलंस, त्यांनी तुला ‘दोनच’ सांगितलं असेल. आणि दोन्ही घरं जिन्यात भेटली की पाण्याच्या टँकरवर बोलतात.

2011 च्या फेब्रुवारीत मी जनगणनेचे कागद घेऊन घरोघर फिरले. शिक्षकांना ते काम चुकत नाही. त्या कागदावर लग्न झालेल्या बाईसाठी दोन वेगवेगळे प्रश्न होते. आज हयात मुलं किती, हा एक. आणि आजवर जिवंत जन्मलेली एकूण किती, हा दुसरा. मुलगे वेगळे लिहायचे, मुली वेगळ्या. दुसरा प्रश्न विचारताना माझी जीभ जड व्हायची. त्या बायकांची होत नव्हती. हाताला पीठ, कडेवर नातू, आणि उंबऱ्यातूनच उत्तर यायचं, ‘झाली पाच, हायेत तीन.’ एखादी थांबून सांगायची की थोरल्याला पान लागलं, मधली गोवरात गेली. मी कोण? अनोळखी बाई, काखेत सरकारी कागद. तरी सांगितलं. एखादीने डोळ्याला पदर लावला आणि मग मलाच पाणी विचारलं. पाच झाली होती, म्हणून पाच सांगितली. तू शिकलासवरलास, चार माणसांत उभं राहून बोलतोस, आणि तुला ‘दोन’ म्हणता येत नाही?

तुझ्या बायकोचे दवाखान्याचे जुने कागद काढून बघ. आता ती कधी दवाखान्यात गेली तर डॉक्टर काय लिहितील ठाऊक आहे? बाळंतपणं दोन, हयात मूल एक. त्यांच्या भाषेत पी टू, एल वन. शाळेतही तसंच. हजेरीपटावरून नाव कमी होतं, कारण हजेरी रोजची असते. जनरल रजिस्टरमधलं नाव मात्र कुणी खोडत नाही. तो प्रवेश क्रमांक दुसऱ्या मुलाला देत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द लिहितात आणि ती ओळ तशीच राहते, शाळा आहे तोवर राहते. माझ्या नोकरीत तो शब्द मला लिहावा लागला आहे. हात थरथरला, पण नावाला मी धक्का लावला नाही. सरकार त्याला मोजतं. दवाखाना मोजतो. शाळा मोजते. आणि बाप मोजत नाही?

फोनवर तू टिळकांचं काढलंस. ‘तुम्हीच सांगितलं होतं ना बाई.’ हो, मीच सांगितलं होतं. 1903 साली प्लेगाने त्यांचा थोरला विश्वनाथ गेला आणि टिळक दुःख गिळून कामाला लागले. पण त्यातून तू उचललंस काय? टिळकांनी काम थांबवलं नाही. मला विश्वनाथ नावाचा मुलगा नव्हता, असं त्यांनी कुणाला सांगितलं? धीराचा आणि लपवाछपवीचा संबंध काय? आणि नुसते टिळकच कसे लक्षात राहिले? बाबासाहेब कसे विसरलास? 1926 च्या जुलैमध्ये त्यांचा राजरत्न गेला. त्याच्या आधी गंगाधर, रमेश आणि इंदू गेले होते. ऑगस्टमध्ये दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मोजून सांगितलं, की आपण नवरा-बायकोने चार मुलांना मूठमाती दिली, तीन मुलगे आणि एक मुलगी. तेव्हा ते रिकामे बसले नव्हते. हायकोर्टात वकिली चालू होती, बहिष्कृत हितकारिणी सभेचा व्याप होता, महाड पुढच्याच वर्षी होतं. त्या माणसाने दुःख लपवलं नाही आणि कामही सोडलं नाही. तुला दोन्ही एकदम जमत नाही, असं कुणी सांगितलं?

आता मुलीबद्दल. ‘मुलीच्या मनावर परिणाम होऊ नये म्हणून’ असं तू म्हणालास तेव्हा मला फोन ठेवून द्यावासा वाटला होता. परिणाम बघायचाय तुला? शाळेत ‘माझे कुटुंब’ निबंध लिहायला दिला. तुझी पोर वही घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिने आईला हळूच विचारलं, ‘दादाला धरायचं का?’ हळूच. कारण तू बाहेरच्या खोलीत बसला होतास. नऊ वर्षांच्या मुलीला कळलं आहे की या घरात दादाचं नाव हळू आवाजात काढायचं. तिला हे कुणी शिकवलं? तू एका शब्दानेही शिकवलं नाहीस, हे मला माहीत आहे. तू नुसता वागलास. मुलं तेच वाचतात.

आणि राखीपौर्णिमा? तुझी आई तेव्हा तुझ्याकडे होती. तिने मला सांगितलं आणि सांगताना तिचा आवाज गेला. शेजारीण दारात आली, म्हणाली, ‘हिला भाऊ नाही ना, आमच्या चिरंजीवांना बांधू दे.’ तिचं काय चुकलं? प्रेमानेच आली होती. जे तू सांगितलंस त्यावर तिने विश्वास ठेवला. मुलीने तुझ्याकडे बघितलं. तू मोबाइलकडे बघितलंस. मग तिने मुकाट्याने तबक उचललं. सहा वर्षं तिला सख्खा भाऊ होता. त्याचं बोट धरून ती बालवाडीत गेली. त्याच्या मनगटावर तिने राख्या बांधल्या. आणि ‘हिला भाऊ नाही’ हे वाक्य तिने बापासमोर ऐकलं, बापाने ते खोडलं नाही.

ती काय शिकली असेल? जो मरतो त्याचं नाव घरातून काढून टाकतात, हे शिकली. मग उद्या मला काही झालं तर बाबा काय सांगतील? ‘मूल नाही आम्हाला’? हा प्रश्न तिच्या मनात आला नसेल, असं छातीवर हात ठेवून सांग. नाही सांगता येत ना? तिला वाचवायला निघाला होतास. तिला या घरात एकटी पाडलंस.

बायकोचंही तेच केलंस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तिला म्हणाल्या, ‘एकीवर थांबू नका, एक मुलगा हवाच.’ बोलल्या त्या चूकच बोलल्या, मुलगी असली म्हणजे काही कमी असतं असं नाही, पण तो विषय वेगळा, तो सवडीने बोलू. मी विचारते, तिने काय उत्तर द्यायचं? तिने मुलगा पोटात वाढवला, दहा वर्षं वाढवला. ते सांगायची सोय तू तिला ठेवली नाहीस. ती बोलली की तू खोटा पडतोस. म्हणून नवऱ्याची लाज राखायला ती वाण हातात घेऊन ऐकत बसली. यावर तुझं म्हणणं काय, तर कळलं तर हिला डोहाळजेवणाला बोलावणार नाहीत, ओटी भरायला लेकुरवाळीच लागते म्हणतील. म्हणतील काही जणी. अजून म्हणतात, मला ठाऊक आहे. मग असल्या घरी ओटी भरायला गेल्यावाचून तिचं काय अडतं? आणि अडत असलं तरी ते तिने ठरवायचं. तिच्या वतीने तू परस्पर ठरवून मोकळा झालास. एकदा तरी विचारलंस, तुला काय वाटतं म्हणून?

इतकी कारणं झाली. त्यांतलं एकही खरं नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. ‘मुलं किती’ या प्रश्नाला तू भीत नाहीस. त्याच्या पुढच्या प्रश्नाला भितोस. ‘अरेरे, कशाने गेला?’ आणि त्याच्याही पुढच्याला. ‘वेळेवर दाखवलं नव्हतं का?’

तिथे येऊन तू अडतोस. तीन दिवस ताप होता. तू औषध दिलंस, कपाळावर पट्ट्या ठेवल्यास, रात्री जागलास. चौथ्या दिवशी सकाळी अंग निवलं. तू सुटकेचा श्वास टाकलास आणि कामावर गेलास. दुपारनंतर पोटात दुखायला लागलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. रात्री दवाखाना. तोवर उशीर झाला होता.

नीट ऐक, कारण हे मी एकदाच सांगणार आहे. डेंग्यूचा खरा धोका बहुतेक वेळा ताप उतरतानाच सुरू होतो. तिसऱ्यापासून सातव्या दिवसापर्यंत कधीही. रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपायला लागतो, रक्तदाब कोसळतो, आणि बाहेरून मात्र पोर बरं झाल्यासारखं दिसतं. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ग्लानी, गार पडलेले हातपाय ही त्याची खूण. तुला ते माहीत नव्हतं. गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. पोराचा ताप उतरला म्हणून बापाला हायसं वाटलं, यात गुन्हा कुठे आहे? तू त्याला टाकून गेला नव्हतास. तू त्याला बरं झालेलं बघून गेला होतास. ज्याला जे माहीत नव्हतं त्याची शिक्षा तो तीन वर्षं भोगतो आहे. बरं, स्वतःला शिक्षा द्यायची तर दे, तुझं तू बघ. पण त्या शिक्षेत पोराचं नाव का गाडलंस? त्याने काय केलं होतं?

आता परवाच्या फोनचं. तुझ्याच खालच्या मजल्यावरच्या पोराला ताप होता. लिफ्टमध्ये त्याची आई म्हणाली, ‘आज उतरला बाई एकदाचा.’ तू शेजारी उभा होतास. सगळ्या इमारतीत त्या क्षणी तिला नेमकं काय सांगायला हवं हे फक्त तुला ठाऊक होतं. आणि तू म्हणालास, ‘बरं झालं.’ का? तुम्हाला कसं माहीत, असं तिने विचारलं तर काय सांगायचं म्हणून. दोन रात्री तू वरच्या खोलीत जागा राहिलास, खालचं दार वाजतं का ऐकत. तो पोरगा बरा झाला. त्याचं नशीब. त्याच्या आईचं नशीब. आणि तुझंही, कारण तसं झालं नसतं तर तू काय केलं असतंस याचा विचार मला करवत नाही. झोप लागत नाही म्हणून मला फोन केलास. कशी लागेल? लागायलाच नको होती.

तू भित्रा नाहीस. ओढ्याला पूर आला तेव्हा लहान पोरांना पाठीवर घेऊन पलीकडे पोचवणारा तू होतास. म्हणूनच हा संताप. ज्याला जमत नाही त्याच्यावर मी कधी ओरडले नाही. जमत असून जो करत नाही त्याला मी सोडलेलं नाही, हे तू पाहिलं आहेस.

‘सांगू कसं?’ असं आता विचारू नकोस. तोंड दिलं आहे तुला. वाक्य आधी ठरवून ठेव, चार वेळा मोठ्याने म्हण. ‘आम्हाला दोन मुलं. थोरला तीन वर्षांपूर्वी तापाने गेला. धाकटी चौथीत आहे.’ संपलं. आवाजात ओशाळेपणा नको. ‘माफ करा, उगाच विषय काढला’ असली शेपटी जोडलीस तर याद राख. समोरचा गप्प झाला तर तूही गप्प राहा. ती शांतता भरून काढायचं काम तुझं नाही. ‘कशाने’ विचारलं आणि सांगावंसं वाटलं नाही, तर ‘त्याबद्दल आज नको’ म्हण आणि चहा ओत. दार उघडलं की पाहुण्याला माजघरापर्यंत न्यावंच लागतं, असं तू धरून बसला आहेस. कुणी सांगितलं? पडवीतूनही माणसं परत जातात. किती सांगायचं, कुठे थांबायचं, हे तुझ्या हातात आहे. रडू आलं तर रड. चाळिशीच्या माणसाला मुलासाठी रडायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि नुसतं ‘गेला’ सांगून थांबू नकोस. ‘होता’ हेही सांग. तो बुद्धिबळात तुला हरवायचा आणि हरवल्यावर सबंध घरभर ओरडत फिरायचा. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी लागायची, दूध दिलं की तोंड वाकडं. भाजीच्या पिशवीतून मांजराचं पिल्लू घरात आणलं होतं आणि कोथिंबिरीखाली लपवलं होतं. माझ्याकडे सुट्टीत आला तेव्हा माझ्याच चष्म्याने मुंगी मोठी दिसते का बघत अंगणात पालथा पडला होता. हे सगळं कुठे गेलं? चार दिवसांच्या तापापायी दहा वर्षांचं असलं पोर तू लोकांपासून चोरून ठेवलंस. त्या शेजाऱ्यांना एक नामी मुलगा माहीत व्हायचा राहिला आहे. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते उच्चारायचा पहिला मान तुझा आहे. किती दिवसांत उच्चारलं नाहीस, आठवून बघ.

शेवटचं कारण मला दिसतंच आहे, तू तोंड उघडायच्या आधी. ‘आता वर्ष झालं बाई, आता सांगितलं तर इतके दिवस खोटं बोललो हे कळेल.’ कळेल. मग? ‘आधी सांगता आलं नाही’ एवढं म्हण. कुणीही शहाणा माणूस त्यावर हिशोब मागणार नाही, आणि जो मागेल त्याला हिशोब द्यायला तू बांधलेला नाहीस. आज चालढकल केलीस तर पुढच्या वर्षी दोन वर्षं झालेली असतील, आणि तेव्हाही मला हेच ऐकवशील.

तेव्हा आता कामाला लाग. आज रात्री जेवणं झाली की बायकोला आणि मुलीला समोर बसव. ‘एकच’ म्हणणं आजपासून बंद, हे तुझ्या तोंडाने सांग. त्यांनाही बोल म्हणून सक्ती करायची नाही. मुलीला कुणाला सांगावंसं वाटेल, कुणाला नाही, ती तिची मर्जी. तुला फक्त एवढंच करायचं आहे, की तिला दबक्या आवाजात विचारावं लागू नये. निबंधाची वही मागून घे आणि तिला म्हण, दादाला धर.

उद्या खालच्या मजल्यावर जा. साथ अजून सरलेली नाही, त्या बाईला दुसरंही लहान मूल आहे. ताप उतरला तरी डोळ्यात तेल घालून बघायचं, हे तिला सांग, आणि तुला कसं माहीत तेही सांग. मग शेजारणीकडे. तिने राखी बांधून घेतली म्हणून तिला ओशाळं वाटेल, ते तू आधीच ओळख आणि तिची चूक नव्हती हे तिला बोलून दाखव.

शनिवारी शाळेत जा. वर्गशिक्षिकेला गाठ, गर्दीत नाही, बाजूला घेऊन. त्यांना हे माहीत असायलाच हवं. वर्गात राख्या करायला घेतात, भाऊबीजेवर दहा ओळी लिहायला सांगतात, घरातल्या माणसांची चित्रं काढायला लावतात. त्या बाईंना ठाऊक नसेल तर त्या नकळत तुझ्या पोरीला रोज ओरबाडतील. त्यांच्या जागी मी असते आणि मला हे वर्षभराने कळलं असतं, तर शाळेत बोलावून तुला उभं केलं असतं.

बाईंना मुलाचं नाव सांग. पूर्ण नाव, तुझ्या नावासकट. झालं की मला फोन कर. त्याआधी नको.